२१ टन क्षार, १८ काचा आणि एक घर : ऊन साठवायला निघालेल्या मारिया टेल्केश यांची गोष्ट

१९४८ सालच्या नाताळात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, डोव्हर नावाच्या गावी एक कुटुंब नव्या घरात राहायला आलं. नवरा, बायको आणि त्यांचा लहान मुलगा. बॉस्टनच्या आसपासचा हा भाग. इथल्या हिवाळ्यात पारा महिनोन्महिने शून्याच्या खाली जात-येत राहतो आणि घर गरम ठेवायला भट्टी नसेल तर जगणं अवघड. या घरात मात्र भट्टीच नव्हती. कोळशाची नाही, तेलाची नाही, लाकडाची नाही. होत्या त्या दक्षिणेकडे तोंड करून बसवलेल्या १८ मोठ्या काचा, काही पंखे आणि खोल्यांच्या मध्ये लपवलेला सुमारे २१ टन क्षार.

दिवसा तापायचं आणि रात्री ती ऊब परत द्यायची, हे काम त्या क्षाराचं होतं. कल्पना होती डॉ. मारिया टेल्केश यांची. अमेरिकेतली वर्तमानपत्रं पुढे त्यांना 'सन क्वीन' म्हणजे सूर्यराणी म्हणू लागली. घरात राहायला आलेलं नेमेथी कुटुंबही त्यांच्याच नात्यातलं.

पहिले दोन हिवाळे घर चाललं. तिसऱ्यात बिनसलं. का बिनसलं, हे समजून घेतलं तर सौरऊर्जेतला एक जुना आणि आजही पुरता न सुटलेला प्रश्न कळतो.

ऊन आहे, पण रात्रीचं काय?

अक्षय ऊर्जा म्हटलं की डोळ्यांसमोर येतात सोलर पॅनेल आणि पवनचक्क्या, म्हणजे वीज. पण माणसाला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा थेट उष्णतेच्या रूपात खर्च होतो. आंघोळीचं पाणी, स्वयंपाक, कारखान्यातली वाफ, थंड देशांत घराची ऊब. ही उष्णता उन्हातून मिळवणं सोपं आहे. काळा पत्रा उन्हात ठेवला तरी हात भाजतो. अवघड आहे ती टिकवणं.

आपल्याकडे सोसायटीच्या गच्चीवर 'सोलर' असलेल्यांना हे सांगायला नको. मे महिन्यात त्या टाकीतलं पाणी हात लावू देत नाही आणि जुलैत चार दिवस झड लागली की मुकाट्याने गिझर लावावा लागतो. टाकीतली उष्णता दोन-तीन दिवसांत निघून जाते.

१९३८ मध्ये गॉडफ्रे लोवेल कॅबट या उद्योजकाने एमआयटी या प्रसिद्ध संस्थेला सौरऊर्जेच्या संशोधनासाठी सुमारे साडेसहा लाख डॉलर दिले. त्यातून १९३९ मध्ये संस्थेने पहिलं सौरघर बांधलं. त्याच्या तळघरात साठ हजार लिटरहून जास्त पाण्याची टाकी होती. उन्हाळ्यात पाणी तापवून ठेवायचं आणि हिवाळ्यात वापरायचं, असा बेत. तो जमला, पण टाकी आणि तिच्याभोवतीचं आवरण यांचा खर्च इतका होता की असं घर कुणी स्वतःच्या पैशाने बांधलं नसतं.

त्याच वर्षी, १९३९ मध्ये, टेल्केश या प्रकल्पात दाखल झाल्या.

बुडापेस्टची रसायनशास्त्रज्ञ

मारिया टेल्केश यांचा जन्म १२ डिसेंबर १९०० रोजी बुडापेस्टमध्ये झाला. तिथल्या विद्यापीठातून त्यांनी भौतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि १९२५ च्या सुमारास त्या अमेरिकेत गेल्या. आधी क्लीव्हलँडमध्ये जीवभौतिकी, मग १९३७ पासून वेस्टिंगहाउस कंपनीत उष्णतेपासून वीज करण्याच्या साधनांवर संशोधन, आणि तिथून एमआयटी. उष्णतेचं कोणत्याही रूपात रूपांतर करायचं म्हटलं की आधी पदार्थ कोणता, हा प्रश्न येतो. टेल्केश यांचं सगळं काम या प्रश्नाभोवती फिरतं.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याकडे वेगळंच काम आलं. विमान पाडलं गेलं किंवा जहाज बुडालं की सैनिक रबरी तराफ्यावर दिवसेंदिवस समुद्रात अडकून पडत. सगळीकडे पाणी, पिण्याजोगं थेंबभर नाही. टेल्केश यांनी त्यासाठी फुगवता येणारं पारदर्शक प्लॅस्टिकचं छोटं ऊर्ध्वपातन यंत्र बनवलं. आत काळं, पाणी शोषणारं कापड. ते समुद्राच्या पाण्याने भिजवायचं. उन्हाने वाफ होते, ती गार प्लॅस्टिकवर जमते आणि गोडं पाणी खाली साचतं. एका यंत्रातून दिवसाला साधारण लिटरभर पाणी मिळे. एका माणसाला जिवंत ठेवायला तेवढं पुरे. दुर्दैवाने उत्पादन लांबत गेलं आणि युद्ध संपत आलं तेव्हा कुठे यंत्रं तयार होऊ लागली. एमआयटीतल्या सौर प्रकल्पाचे प्रमुख हॉयट हॉटल आणि टेल्केश यांच्यातली धुसफूसही याच काळात वाढली.

वितळण्यात लपलेली उष्णता

युद्धानंतर टेल्केश पुन्हा घर गरम ठेवण्याच्या प्रश्नाकडे वळल्या. पाण्याच्या अवाढव्य टाकीऐवजी त्यांनी वेगळा मार्ग सुचवला. तो समजायला थंडीतली खोबरेल तेलाची बाटली पुरेशी आहे.

डिसेंबरात गोठलेलं तेल आपण उन्हात ठेवतो. ते वितळत असताना ऊन सतत आत जात असतं, तरी पूर्ण वितळेपर्यंत तेल फारसं गरम होत नाही. मग ती उष्णता जाते कुठे? घट्ट बांधलेले रेणू सुटे करण्यात खर्च होते. तेल पुन्हा गोठताना तीच उष्णता परत बाहेर पडते. दहावीच्या विज्ञानात याला 'अप्रकट उष्मा' म्हणतात. आपल्यातल्या बहुतेकांनी तो व्याख्येपुरता पाठ केला आणि सोडून दिला.

टेल्केश यांनी निवडलेला पदार्थ होता ग्लॉबर सॉल्ट. सतराव्या शतकात योहान रुडॉल्फ ग्लॉबर या रसायनशास्त्रज्ञाला तो सापडला आणि त्याने तो पोट साफ करायचं औषध म्हणून नावारूपाला आणला. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांना आजही हे नाव ओळखीचं आहे. रसायनशास्त्राच्या भाषेत हे सोडियम सल्फेट, ज्याच्या प्रत्येक कणाने पाण्याचे दहा रेणू धरून ठेवलेले असतात. स्वस्त, मुबलक, आग न लागणारा. आणि मुख्य म्हणजे तो ३२.४ अंश सेल्सियसला वितळतो. उन्हात तापलेल्या हवेने वितळेल इतकं कमी आणि खोली उबदार ठेवील इतकं जास्त, असं हे तापमान.

आता हिशोब पाहा. एक किलो पाणी १० अंशांनी तापवलं तर त्यात सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता साठते. एक किलो ग्लॉबर सॉल्ट नुसतं वितळलं तर सुमारे २५० किलोज्यूल. डोव्हरच्या घरातले २१ अमेरिकी टन म्हणजे जवळपास १९,००० किलो. ते सगळं वितळलं तर साठणारी उष्णता विजेच्या हिशोबात तेराशे युनिटांच्या आसपास जाते. दोन किलोवॉटचा गिझर २७ दिवस अखंड चालू ठेवावा, इतकी. तेवढीच उष्णता १० अंशांनी तापवलेल्या पाण्यात साठवायची तर दहा हजार लिटरचे अकरा टँकर लागतील. क्षाराला सव्वा टँकरभर जागा पुरते. पाणी जास्त तापवलं तर टँकर कमी होतील हे खरं, पण पाणी जितकं जास्त गरम, तितकी त्यातली उष्णता भराभर बाहेर निसटते.

तीन बायकांनी उभं केलेलं घर

एमआयटीत टेल्केश यांच्या कल्पनेवर सगळे खूश नव्हते. क्षारावरचे तिथले प्रयोग समाधानकारक झाले नाहीत, हॉटल यांचा कल पाण्याकडे होता, आणि टेल्केश यांना सौर प्रकल्पातून काढून धातुशास्त्र विभागात हलवण्यात आलं. मग त्यांनी संस्थेबाहेर वाट शोधली. अमेलिया पीबॉडी या सधन शिल्पकार बाईंनी डोव्हरमधली आपली जागा आणि सुमारे वीस हजार डॉलर दिले. आराखडा एलिनॉर रेमंड या वास्तुविशारद बाईंनी केला. १९४८ सालच्या अमेरिकेत पैसा, नकाशा आणि विज्ञान ही तिन्ही कामं बायकांच्या हाती असलेलं बांधकाम ही काही नेहमीची गोष्ट नव्हती.

घर दिसायला विचित्र होतं. उतरत्या छपराचं, पाचरीसारखं. दक्षिणेकडची वरची अख्खी भिंत काचेची. पण या खिडक्या बाहेर बघायच्या नव्हत्या. काचेच्या मागे काळा रंगवलेला पत्रा होता. उन्हाने तो तापायचा, त्याच्यामागची हवा गरम व्हायची आणि पंखे ती हवा खोल्यांमधल्या बंद कप्प्यांकडे ढकलायचे. कप्प्यांत क्षाराने भरलेले डबे रचलेले. दिवसा क्षार वितळायचा, रात्री गोठताना ऊब सोडायचा आणि दुसरे पंखे ती ऊब खोलीत आणायचे. थर्मोस्टॅटने तापमान ठरवायचं, बस्स. सलग दहा-एक दिवस ऊन पडलं नाही तरी निभावेल, असा टेल्केश यांचा अंदाज होता.

घर बघायला लोक येऊ लागले, मासिकांत लेख आले, भविष्यातलं घर असंच असणार म्हणून गाजावाजा झाला. आत राहणाऱ्यांची ऊब खरोखरच क्षारातून येत होती, त्यामुळे गाजावाजा अगदीच पोकळ नव्हता. थोडा घाईचा मात्र होता.

क्षाराचं बिनसलं कुठे?

इथे गोष्ट खरी रंगते, कारण चूक पदार्थाच्या स्वभावात होती.

बर्फ वितळलं की सगळं पाणी होतं आणि पाणी गोठलं की सगळं बर्फ. ग्लॉबर सॉल्ट इतकं सरळ नाही. त्याच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग स्फटिकात अडकलेलं पाणी असतो. ३२.४ अंशांना हे पाणी सुटतं आणि क्षार त्यात विरघळू लागतो. पण सुटलेलं पाणी सगळा क्षार विरघळवायला पुरत नाही. थोडा भाग कोरड्या पांढऱ्या भुकटीसारखा उरतो आणि जड असल्याने तळाशी जाऊन बसतो.

डबा थंड होऊ लागला की या भुकटीने आपलं पाणी परत घेऊन पुन्हा स्फटिक व्हायला हवं. पण पाणी वर, भुकटी खाली, आणि दोघांच्या मध्ये नव्याने तयार झालेल्या स्फटिकांचा थर. ढवळायला कुणी नाही. त्यामुळे थोडी भुकटी कायमची कोरडी राहते. पुढच्या खेपेला आणखी थोडी. प्रत्येक खेपेला डब्याची उष्णता साठवायची ताकद कमी होत जाते. बाहेरून डबा तसाच दिसतो, वजन तेवढंच भरतं आणि खोली मात्र गारठलेली.

दुसरी अडचण याच्या उलट टोकाची. वितळलेला क्षार ३२ अंशांना गोठेलच याची खात्री नसते. तो आणखी थंड होतो तरी द्रवच राहतो आणि साठवलेली उष्णता सोडतच नाही. त्याला गोठायला एखादं निमित्त लागतं, दुधाला विरजण लागतं तसं. हे विरजण टेल्केश यांनी शोधून काढलं आणि १९५२ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ते होतं बोरॅक्स, म्हणजे सवागी. तिच्या स्फटिकांची ठेवण ग्लॉबर सॉल्टच्या स्फटिकांशी इतकी जुळते की त्यांच्यावर नवे स्फटिक सहज धरतात. शेकडा तीन-चार टक्के सवागी पुरते. आजही या क्षारात तीच घालतात.

तिसरी अडचण साधी आणि त्रासदायक. खाऱ्या पाण्याने डब्यांचा धातू खाल्ला आणि काही डबे गळू लागले.

या सगळ्याचा परिणाम तिसऱ्या हिवाळ्यात दिसला. घर पुरेसं तापेना. शेवटी तिथे नेहमीची भट्टी बसवावी लागली. १९५३ मध्ये एमआयटीने टेल्केश यांना संस्थेतूनच निरोप दिला.

दोष कुणाचा, यावर अभ्यासकांत आजही दोन बाजू आहेत. टेल्केश यांनी पुरेशी चाचणी न करता पदार्थ घरात घातला, ही हॉटल यांच्या बाजूने बोलणाऱ्यांची तक्रार, आणि ती खोटी नाही. पण हॉटल यांच्या पाण्याच्या टाक्यांनी तरी कुठे बाजार जिंकला? पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत तेल आणि गॅस इतके स्वस्त होते की कुठलंही सौरघर हिशोबात बसत नव्हतं. शिवाय संस्थेतल्या पुरुष सहकाऱ्यांचे फसलेले प्रयोग 'प्रयोग' म्हणून नोंदले गेले आणि टेल्केश यांचा फसलेला प्रयोग त्यांची नोकरी घेऊन गेला, हेही नजरेआड करता येत नाही.

चूल, चांद्रयान आणि चिकणमाती

टेल्केश तिथून न्यूयॉर्क विद्यापीठात गेल्या. तिथे फोर्ड फाउंडेशनच्या ४५,००० डॉलरच्या अनुदानातून त्यांनी सौरचूल बनवली. झाकणाला काच असलेली उष्णतारोधक पेटी आणि चारी बाजूंना ऊन आत ढकलणारे चकचकीत पत्रे. आत दीडशे अंशांच्या पुढे तापमान जाई. गरीब देशांतल्या बायकांना धुराशिवाय रांधता यावं हा तिचा हेतू होता. भारतात घरोघरी ओळखीचा झालेला एका आरशाचा सोलर कुकर हा याच कुळातला, फक्त साधा आणि कमी तापणारा.

साठच्या दशकात त्या क्रायो-थर्म नावाच्या कंपनीत होत्या. तापमान जरा हललं तरी बिघडणारी नाजूक उपकरणं वाहून न्यायला तिथे खास पदार्थ आणि पेट्या बनत. अपोलो चांद्रमोहिमा आणि पोलॅरिस क्षेपणास्त्रांसाठी ते वापरले गेले. तत्त्व डोव्हरचंच होतं. वितळणारा पदार्थ आपलं तापमान सोडत नाही, तोवर आतली वस्तू सुरक्षित.

मग १९७३ आलं. अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि वीस वर्षं अडगळीत पडलेली सौरघरं पुन्हा सगळ्यांना आठवली. टेल्केश तेव्हा सत्तरी ओलांडून डेलावेअर विद्यापीठात काम करत होत्या. तिथे उभ्या राहिलेल्या 'सोलर वन' घरात छपरावरून वीज आणि उष्णता दोन्ही घेतली जात आणि उष्णता साठवायला पुन्हा क्षारच होते. आता तळाशी बसणाऱ्या भुकटीवरही त्यांनी उपाय आणला होता. मिश्रणात विशिष्ट चिकणमाती घालायची. ती पाण्याला दाटपणा देते, त्यामुळे भुकटी खाली न जाता आहे तिथेच अडकून राहते आणि थंड होताना तिला शेजारीच पाणी मिळतं. याचं पेटंट त्यांना १९७६ मध्ये मिळालं. डोव्हरचं घर गारठलं त्याला तेव्हा पाव शतक झालं होतं. त्यांच्या नावावर अशी वीसहून अधिक पेटंट आहेत.

मान मात्र विसंगत वेळी येत गेले. अमेरिकेतल्या महिला अभियंत्यांच्या संघटनेने आपला पहिलाच कर्तृत्व पुरस्कार त्यांना १९५२ मध्ये दिला, म्हणजे एमआयटीतून जावं लागण्याच्या आदल्याच वर्षी. संशोधकांच्या राष्ट्रीय दालनात नाव लागलं ते २०१२ मध्ये. २ डिसेंबर १९९५ रोजी बुडापेस्टमध्ये त्यांचं निधन झालं. पंच्याण्णव पूर्ण व्हायला दहा दिवस बाकी होते. सुमारे सत्तर वर्षांनी त्या पहिल्यांदाच आपल्या शहरात आल्या होत्या.

आज हे पदार्थ कुठे आहेत?

या पदार्थांना आता 'फेज चेंज मटेरियल' म्हणतात. लस नेणाऱ्या पेट्यांत ते असतात. हिवाळ्यात हात शेकायची, आतली धातूची चकती दाबली की गरम होणारी जेलची पिशवी म्हणजे सोडियम ॲसिटेट, ग्लॉबर सॉल्टचाच भाऊबंद. तो ५८ अंशांना वितळतो. स्कॉटलंडमधली सनॅम्प कंपनी त्यापासून घरगुती 'उष्णतेची बॅटरी' बनवते. पुण्यात काम करणाऱ्या प्रोमेथिअन पॉवर सिस्टिम्सने हेच तत्त्व उलट वापरलं. वीज असेल तेव्हा थंडी साठवायची आणि वीज गेली तरी गावातल्या संकलन केंद्रावरचं दूध गार करायचं.

मोठ्या सौर वीजकेंद्रांतही क्षार आहेत, पण ते वेगळ्या पद्धतीने वापरतात. स्पेनमध्ये सेव्हिलजवळचं हेमासोलार केंद्र २०११ पासून वितळलेल्या नायट्रेट क्षारांत १५ तासांची उष्णता साठवतं आणि रात्रीही वीज देतं. तिथे मात्र क्षार गोठू द्यायचाच नाही असा नियम असतो. गोठला तर नळ्या चोंदतात. तो सतत २९० ते ५६५ अंशांच्या दरम्यान द्रवरूपात फिरत राहतो. गोठण्याची डोकेदुखीच नको, अशी ही सोय.

घरासाठीच्या पदार्थांना ती पळवाट नाही. त्यांना वितळायचं आणि गोठायचं आहेच, तेही वर्षानुवर्षं. म्हणून असा पदार्थ विकत घेताना जाणकार आधी एकच आकडा विचारतात, किती फेऱ्या टिकतो? जर्मनीतल्या आरएएल या दर्जाचिन्हासाठी तर फेऱ्यांनुसार श्रेणीच ठरवल्या आहेत. पदार्थ वितळवायचा, गोठवायचा, उष्णता मोजायची, पुन्हा वितळवायचा. सगळ्यात वरच्या श्रेणीसाठी हे १०,००० वेळा करून दाखवावं लागतं. सगळ्यात खालच्या श्रेणीसाठी ५० वेळा.